तबल्यातलं गणित कुठे लागतं आणि कुठे संपतं

एका आईने विचारलं आहे: मुलगी आठवीत आहे, काही वर्षं तबला शिकते आहे, हात चांगला आहे, पण शाळेत गणित जेमतेम. क्लासात कुणीतरी सहज बोलून गेलं की तबला म्हणजे निव्वळ गणित, पुढे हिला जड जाणार. तेव्हापासून ती बिचकते. हे खरं आहे का? आणि संगीताचा नि गणिताचा एवढा संबंध सांगतात, तो नेमका काय?

मी तबला शिकवतो आणि नोकरी असेपर्यंत कॉलेजात गणित शिकवत होतो. दोन्हीकडच्या मंडळींकडून या विषयावर बऱ्याच थापा ऐकल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलीपुरतं आधी. तबल्याला जे गणित लागतं ते म्हणजे बेरीज, भागाकार, उरणारी बाकी आणि अपूर्णांक. बस्स. तेही कागदावर मांडून नाही, हातावर ताल धरून आणि तोंडाने पढंत करून, म्हणजे तबल्याचे बोल म्हणून. पेपरात अपूर्णांकांची बेरीज चुकवणारी मुलं तिहाई (ती काय ते पुढे येतं) बिनचूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणतात, आणि इंजिनिअर झालेले लोक ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, चालू असताना सम हरवून बसतात. दोन्ही प्रकार नेहमीचे आहेत. तेव्हा प्रगतिपुस्तकातल्या गुणांवरून तबल्याचं भाकीत करू नका.

उलट बाजूची थापही लगेच निकालात काढू. "संगीत शिकल्याने गणित सुधारतं" म्हणणारे बहुतेक वेळा मोझार्टचा दाखला देतात. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला होता. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचा एक सोनाटा ऐकवला आणि मग आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. त्यात गणिताची परीक्षा नव्हती, लहान मुलं नव्हती आणि कुणी वाद्य वाजवायला शिकतही नव्हतं. त्यावर सीड्यांचा धंदा उभा राहिला तो वेगळा विषय.

आता खऱ्या संबंधाकडे. तबल्यात तो सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तिहाईत.

एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर आणायचा, ही तिहाई. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं तर ती पुढची सम धरून १७ मात्रा होतात. १७ ला तीनने भाग जात नाही, दोन उरतात. म्हणून पाच मात्रांचा तुकडा घेतला तर तीन तुकड्यांच्या १५ मात्रा आणि मधल्या दोन जागी एकेक मात्रा थांबायचं. या थांबण्याला आपण दम म्हणतो आणि अशा तिहाईला दमदार. न थांबता सलग जाणारी ती बेदम. बेदम तिहाई समेपासून हवी असेल तर दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) घ्यावीत असं मुळीच नाही, एक आवर्तनही पुरतं: दुगुनीत एका आवर्तनाचे ३२ आणि समेचा एक मिळून ३३ ठोके होतात, ३३ म्हणजे अकरा त्रिक. अकरांचा तुकडा सलग तीनदा, काम झालं. दहा मात्रांच्या झपतालात दुगुनीत २१, म्हणजे सातांचा तुकडा. सात मात्रांच्या रूपकात दुगुनीत १५, म्हणजे पाचांचा. शिकणाऱ्या मुलांना हे कुणी सांगावं लागत नाही, तिहाया पाठ करता करता कळत जातं.

यापुढची पायरी फर्माईशी चक्रदार. मला विचाराल तर आपल्या संगीतातलं सगळ्यात देखणं गणित इथे आहे, म्हणून थोडं थांबू. चक्रदारात पूर्ण पल्ला, म्हणजे आधीचे बोल आणि शेवटची तिहाई, तीनदा वाजतो. प्रत्येक पल्ल्यात तिहाईचे तीन 'धा', असे एकूण नऊ 'धा'. फर्माईशीची अट अशी की पहिल्या पल्ल्यातला पहिला धा समेवर यावा, दुसऱ्या पल्ल्यातला दुसरा धा समेवर यावा आणि तिसऱ्यातला तिसरा. जाणकार श्रोता पहिल्या समेला मान हलवतो, दुसऱ्या वेळी चमकतो आणि तिसऱ्या वेळी "वाह" म्हणतो.

तीनतालातलं एक साधं उदाहरण घ्या. बारा मात्रांचे बोल. त्यानंतर पाच मात्रांचा तुकडा तीनदा, ज्यात चार मात्रा बोल आणि पाचवीवर धा. पल्ला २७ मात्रांचा झाला. हा पल्ला न थांबता तीनदा म्हणा, ८१ मात्रा होतात, म्हणजे पाच आवर्तनं आणि वर समेची एक. आता हातावर ताल धरून मोजा. पहिला धा सतराव्या मात्रेवर पडतो, म्हणजे समेवर. दुसरा पुढच्या आवर्तनात सहाव्या मात्रेवर, तिसरा अकराव्या. दुसरा पल्ला सुरू झाला की पहिला धा बाराव्या मात्रेवर येतो, दुसरा सरळ समेवर, तिसरा पुन्हा सहाव्या. तिसऱ्या पल्ल्यात सातव्या मात्रेवर, बाराव्या मात्रेवर, आणि शेवटचा समेवर. एकदा स्वतः पढंत करून बघाच, वाचून त्याची गंमत कळत नाही.

हे कसं जुळतं? पल्ल्याची लांबी २७ आणि दोन धांमधलं अंतर ५, बेरीज ३२, म्हणजे १६ ची दुप्पट. एक पल्ला पुढे गेलो आणि धाही एक पुढचा घेतला की बरोबर पूर्ण आवर्तनांचं अंतर पडतं, म्हणून पुन्हा सम. सगळी किल्ली एवढीच. बेदम फर्माईशीसाठी ही अट सोडवत गेलं तर एक नियम हाती येतो: दोन धांमधल्या अंतराची तिप्पट करा, त्यात एक मिळवा, आलेल्या संख्येला तालाच्या मात्रांनी पूर्ण भाग गेला पाहिजे. तीनतालात अंतर ५, तिप्पट १५, अधिक एक १६. झपतालात अंतर ३, तिप्पट ९, अधिक एक १०. तिथे पल्ला १७ मात्रांचा आणि एकूण ५१. रूपकात अंतर २, तिप्पट ६, अधिक एक ७. पल्ला १२ चा, एकूण ३६. दीपचंदीच्या चौदा मात्रांतही जमतं, फक्त अंतर नऊ मात्रांचं होऊन बसतं.

आणि बारा मात्रांच्या एकतालात? अंतर काहीही घ्या. तिप्पट अधिक एक केलं की त्या संख्येला तीनने भागल्यावर नेहमी एक उरणार. बाराला तर तीनने भाग जातो. त्यामुळे ती संख्या बाराच्या पटीत येणं शक्यच नाही. एकतालात पूर्ण मात्रांची बेदम फर्माईशी बसत नाही. दुगुन करा, चौगुन करा, २४ आणि ४८ लाही तीनने भाग जातो, तिथेही नाही. तीनतालसुद्धा तिगुनीत गेला की ४८ चा होतो आणि तोही अडतो. ताल आणि तिहाई दोघांच्या पोटात तीन असले की एकाची बाकी उरते आणि ती कुठेतरी मुरवावीच लागते. तबलजी ती दमात मुरवतो. एकतालात अंतर तीन ठेवा, पल्ल्यानंतर दोन मात्रा दम घ्या. पल्ला दमासकट २१ चा होतो, आणि शेवटचा दम सोडून एकूण ६१, म्हणजे पाच आवर्तनं अधिक सम. जमलं.

मला गणिताचा संगीताशी खरा संबंध इथे दिसतो. काय बसणार नाही आणि किती उरणार, एवढं गणित ठामपणे सांगतं. उरलेलं कुठे मुरवायचं हे वाजवणारा ठरवतो, आणि त्यात त्याची तालीम नि रुची दिसते. दोन मात्रांचा तो दम एक जण असा घेतो की श्रोत्याचा श्वास अडकतो, दुसरा असा घेतो की वाटतं हा विसरला.

लयकारीत, म्हणजे ठेका वेगवेगळ्या पटींच्या लयीत म्हणण्यात, अपूर्णांक येतात आणि मुलांची भंबेरी उडते ती बहुधा इथे. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांत हमखास येणारा प्रश्न: झपतालाची आड एका आवर्तनात लिहा. आड म्हणजे दीडपट. दहा मात्रांचा ठेका दीडपटीत ६ पूर्णांक २ तृतीयांश मात्रांत संपतो, म्हणजे ३ पूर्णांक १ तृतीयांश मात्रा सोडून सुरू करायचं. हे वाचून मुलगी घाबरली तर नवल नाही. मी वेगळं सांगतो. प्रत्येक मात्रेचे तीन कप्पे कर, एक बोल दोन कप्प्यांचा, लांबलेला कप्पा 'ऽ' असा लिही. आवर्तनात कप्पे तीस, ठेक्याला लागतात वीस, सोडायचे दहा. दहा कप्पे म्हणजे तीन मात्रा आणि एक कप्पा. चौथ्या मात्रेत एक कप्पा रिकामा सोडून धी, मग पाचवीत "ना ऽ धी", सहावीत "ऽ धी ऽ", सातवीत "ना ऽ ती", आठवीत "ऽ ना ऽ", नववीत "धी ऽ धी", दहावीत "ऽ ना ऽ", आणि सम. अपूर्णांकाचं नावही न घेता अपूर्णांक झाला. जुन्या पिढीला पावकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची, त्यांना सवाईची किंवा पावणेदुपटीची लय सांगताना एवढी फोड करावी लागत नसे. सवाईला कुआड आणि पावणेदुपटीला बिआड म्हणतात. गोव्याच्या खाप्रूमामा पर्वतकरांना 'लयभास्कर' म्हणत. दोन हात, पाय आणि तोंड यांच्यावर एकाच वेळी वेगवेगळ्या लयी आणि ताल चालवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. असं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात लसावि चालू असतो असं मला वाटत नाही. ती शरीराची सवय असते आणि ती रियाजाने येते.

गणिताची दुसरी शाखा आपल्या संगीतात फार जुनी आहे, ती म्हणजे मांडणीच्या शक्यता मोजणं. हिचं मूळ छंदशास्त्रात. एक मात्रेचा लघु आणि दोन मात्रांचा गुरू वापरून अमुक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? एका मात्रेची १, दोनची २, तीनची ३, चारची ५, पाचची ८, पुढे १३, २१, ३४. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. कारण सोपं आहे: शेवटी लघु असेल तर आधी एक मात्रा कमी भरायची, गुरू असेल तर दोन कमी. हेमचंद्राने हे ११५०च्या सुमारास लिहिलं, विरहांकाने त्याच्याही कितीतरी आधी. याच संख्यांना जगभर फिबोनाचीचं नाव आहे, सशांच्या जोड्या किती वाढतील या कोड्यातून त्या मांडणारा त्याचा ग्रंथ १२०२चा. यावरून "सगळं आपल्याकडेच होतं" असा गजर करायची गरज नाही. आपल्याकडे हा प्रश्न ससे मोजताना पडला नाही, ओळीत मात्रा भरताना पडला, एवढं लक्षात घेण्यासारखं आहे.

आणि मग देवगिरी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ त्याने इथे, आज आपण ज्याला दौलताबाद म्हणतो त्या गावी लिहिला. त्याचं पद श्रीकरणाधिपाचं, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. ग्रंथ वाचताना हा माणूस हिशेबनीस होता हे लपत नाही. सात स्वर एकेकदाच घेऊन किती ताना होतात? ५०४०. त्या कोणत्या क्रमाने लिहायच्या याचा नियम त्याने दिला. इतकंच नाही, "अमुक क्रमांकाची तान कोणती" आणि "ही तान कितव्या क्रमांकाची" हे सगळी यादी न लिहिता काढायची रीतही दिली. पहिलीला नष्ट म्हणतात, दुसरीला उद्दिष्ट, आणि त्यासाठी जो तक्ता लागतो तो खंडमेरू.

करून बघू. सा रे ग या तीन स्वरांचा क्रम असा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. आधी शेवटी ग असलेल्या दोन, मग शेवटी रे असलेल्या दोन, मग सा. चार स्वरांच्या चोवीस ताना सहा-सहांच्या गटांत पडतात: पहिल्या सहांच्या शेवटी म, पुढच्या सहांच्या शेवटी ग, मग रे, मग सा. सतरावी तान कोणती? सतरा तिसऱ्या गटात येते, म्हणजे शेवटचा स्वर रे. त्या गटातली ती पाचवी. उरलेले सा ग म दोन-दोनांच्या गटांत, पाचवी तिसऱ्या गटात, म्हणजे रेच्या आधी सा. गटातली पहिली असल्याने उरलेले दोन सरळ क्रमात, ग म. उत्तर: गमसारे. पाच स्वरांच्या १२० तानांतली सत्त्याण्णवावीही अशीच निघते. आजचे संगणकवाले नेमकी हीच रीत वेगळ्या नावाने शिकवतात.

याच शार्ङ्गदेवाने तालाचंही केलं. द्रुत एक, लघु दोन, गुरू चार, प्लुत सहा असे चार घटक घेऊन मांडण्या मोजल्या: १, २, ३, ६, १०, १९, ३३. इथे दोन नव्हे, चार आधीच्या संख्यांची बेरीज होते: एक, दोन, चार आणि सहा घरं मागच्या. लघुगुरूचाच विचार, फक्त घटक वाढले.

ही परंपरा पुस्तकात पडून राहिली नाही. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या तालमीत मेरुखंडाला, म्हणजे स्वरांच्या अशा जुळण्या घोटण्याला, मानाचं स्थान आहे, आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या विलंबित बढतीत, म्हणजे संथ लयीत राग फुलवत नेण्यात, तो कानाला लागतो. पण ते १२० ताना रांगेने म्हणत नव्हते. रागाने मज्जाव केलेल्या कितीतरी जुळण्या गळून जातात, उरतात त्यांतल्याही थोड्याच त्या क्षणी शोभतात.

तबल्यातला कायदा, म्हणजे बोल फिरवून जिचा विस्तार करायचा ती रचना, घ्या, तिथेही हेच. "धाधा तिट धाधा तूंना" या ओळीत शेवटचं तूंना पक्कं धरलं तर आधीच्या तीन जागी धाधा किंवा तिट येऊ शकतं. शक्यता आठ. त्यांतली "धाधा धाधा धाधा तूंना" आणि "तिट तिट तिट तूंना" कोणी पलटा, म्हणजे असा फिरवलेला प्रकार, म्हणून वाजवणार नाही. उरल्या सहा. त्या सहांचा क्रम कसा लावायचा, कुठला दोनदा घ्यायचा, कुठे दोहरा करायचा, हे सांगणारं सूत्र अजून माझ्या पाहण्यात नाही. शिष्याला फक्त "सगळ्या जुळण्या काढ" म्हणून सोडून दिलं तर तो तासभर वाजवेल आणि एकही मिनिट ऐकवणार नाही.

स्वरांकडे येतो. या बाजूवर लोक सगळ्यात जास्त लिहितात, त्यामुळे माहीत असलेलं भराभर सांगतो. तार ३६ इंच धरली तर अर्ध्यावर, १८ ला, तार सा. २७ ला मध्यम, २४ ला पंचम. तारेच्या लांबीवर स्वरस्थानं सांगण्याचं काम आपल्याकडे सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजात'मध्ये केलं. पायथागोरस लोहाराच्या हातोड्यांची वजनं बघून हे शिकला ही गोष्ट मात्र विसरा. तारेला दुप्पट वजन टांगल्याने सूर सप्तकभर चढत नाही, चौपट लागतं. हे गॅलिलिओच्या वडिलांनी, विन्चेन्झोंनी, दाखवून दिलं. ते स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचे, त्यामुळे तारा पिळून बघणं त्यांना अवघड नव्हतं.

पंचमाचं प्रमाण तीनास दोन. सा पासून पंचम, त्याचा पंचम, त्याचा पंचम, असं बारा वेळा चढत गेलं की सात सप्तकं वर पुन्हा सा मिळायला हवा असं वाटतं. मिळत नाही. दीडचा बारा वेळा गुणाकार १२९.७५च्या जवळ येतो आणि दोनाचा सात वेळा १२८. फरक लहान, पण कानाला चांगलाच कळणारा. बाराऐवजी पन्नास वेळा चढलात तरी गाठ पडणार नाही, कारण तिनाला तिनाने कितीही गुणलं तरी संख्या विषमच राहते आणि दोनाची सम. एकतालाला छळणारा तीन इथे पुन्हा हजर. उरलेली बाकी इथेही मुरवावी लागते.

पेटीने ती बाराही स्वरांत सारखी वाटून टाकली. प्रत्येक पट्टी मागचीच्या १.०५९५ पट. यात पंचमाचं फारसं बिघडत नाही, गांधाराचं बिघडतं. हिशेबाला सोपं म्हणून सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या जाड तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो या हिशेबाने मध्य सप्तकात ३०० ला येतो. पेटीचा येतो ३०२.४ ला. दोन-अडीचचा फरक किरकोळ वाटेल, पण 'सा'चा पाचवा उपस्वर (मूळ सुराबरोबर आपोआप वाजणारा वरचा सूर) १२०० आणि पेटीच्या गांधाराचा चौथा जवळजवळ १२०९.५, दोघे एकदम वाजले की सेकंदाला नऊ-साडेनऊ हेलकावे येतात. चांगला मिळवलेला तंबोरा चालू असताना पेटीवर शुद्ध गांधार दाबून धरा, तो थरथरताना ऐकू येईल. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागे बाकीची कारणं होतीच, पण हे एक होतं.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या प्रश्नाच्या मागे लागले होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेवर मोजमापं घेऊन २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, प्रमाणं ठरवायची म्हणून त्यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मदत घेतली, १९१० साली पुस्तक काढलं, आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून चांगलीच खडाजंगी झाली आणि संगीतशास्त्री भातखंड्यांना हे पटलं नाही ते नाहीच. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनीही २२ श्रुतींची पेटी केली. नाट्यशास्त्रकार भरताने वाटलेल्या चार-तीन-दोन-चार-चार-तीन-दोन या २२ श्रुतींना एकच पक्का अपूर्णांक चिकटवता येतो का, यावर माझं मत देवलांच्या बाजूचं नाही. दरबारीचा गांधार आंदोलित आहे, तो एका जागी उभाच राहत नाही. त्याला अपूर्णांक कुठला देणार? षड्ज, पंचम, शुद्ध गांधार यांना प्रमाण शोभतं, कारण त्यांच्यावर थांबता येतं. जिथे स्वर हलतो तिथे मोजपट्टी काही सांगत नाही.

तबल्याचा एक चमत्कार सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. साधं ताणलेलं गोल कातडं वाजवलं तर त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा बेंगरूळ पटींत येतात. म्हणून ढोलाला नुसता आवाज असतो, नेमका सूर नसतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवलं की तबल्याच्या पुडीवर शाई असल्यामुळे हे उपस्वर एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा रांगेत येतात, तारेसारखे. लोहचूण आणि भाताची लुगदी थरावर थर घोटत मधोमध जाड, कडेला पातळ करत नेणाऱ्या कारागिराने हे समीकरण कधीच मांडलं नाही. तो दगडाने घोटतो, वाजवून बघतो, पुन्हा थर देतो. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली असते, तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, पडते. त्या टेकण्याने सगळ्यात खालचा सूर दबतो आणि वरचे दोन स्वच्छ निघतात. बोट जरा जास्त दाबलं की सगळंच बसतं. मुलीचा 'ना' घुमत नसेल तर आधी तिथे बघा.

आता काय करायचं ते. तिला घरी तिहाई वहीत लिहायला लावू नका, हातावर ताल धरून म्हणायला लावा. कुणी तरी ठेका द्या किंवा लेहरा, म्हणजे तालात फिरणारी धून, लावा. मोजताना मात्रांचे आकडे तोंडाने म्हणू नयेत, बोलच म्हणावेत, आकडे म्हणणारी मुलं लय तोडतात. आधी झपतालातली ५१ मात्रांची चक्रदार द्या, ती तीनतालापेक्षा आटोपशीर आहे आणि तीन वेळा समेवर येण्याची मजा तीच. दहा मात्रा बोल घेतले तर पहिला धा अकराव्या मात्रेवर, म्हणजे समेवर पडतो, नंतर दोन मात्रा बोल आणि धा, पुन्हा दोन मात्रा बोल आणि धा. पल्ला १७ चा. ते बसलं की एकतालाची २१ ची, दमासकट.

मग तिला मत्त ताल विचारा. मात्रा नऊ. बेदम फर्माईशी बसेल का, आणि नसेल तर दम किती लागेल? पेन देऊ नका, बोटांची पेरं पुरतात. उत्तर घेऊन आली तर तिच्या गुरुजींना सांगा, ते पुढचं बघतील.